थेंब बुडायला हवा!

मैत्रिणींनो, रक्तदान शिबिराला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. रक्त द्यायला नसाल गेल्या, तर निदान रांगोळी काढायला तरी!

चित्र आपल्या ओळखीचं आहे. शाळेचा हॉल नाहीतर एखादं मंगल कार्यालय. दारात लाल थेंबाची मोठी रांगोळी, पाहुण्यांसाठी औक्षणाचं ताट, आत ओळीनं मांडलेल्या खाटा. कोपऱ्यात पोह्यांचं पातेलं, केळ्यांचे घड, चहाची किटली, बिस्किटांचे पुडे. रांगोळी, औक्षण, पोहे आणि चहा हे खातं आपलं. खाटांवर मात्र सगळे पुरुष. दुपारी गर्दी जरा ओसरली की चार-पाच जणी एकमेकींना ढकलत, ‘तू आधी, तू आधी’ करत टेबलापाशी जातात. बोटाला सुई टोचली जाते. रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात पडतो आणि तरंगतो. ‘ताई, तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे. तुमचं रक्त नाही घेता येणार.’ ताई कसनुसं हसते, बोटावरचा कापूस दाबून धरते आणि पुन्हा पोहे वाढायला लागते.

तिथंच विषय संपतो. किती कमी आहे, का कमी आहे, किती वर्षांपासून कमी आहे, हे कुणी विचारत नाही. तीही विचारत नाही. घरी गेल्यावर ‘माझं नाही घेतलं बाई’ एवढं सांगते आणि कुकर लावते. मला या प्रसंगाचा फार राग येतो. ज्या बाईला त्या क्षणी कळलं की आपल्या अंगात रक्त कमी आहे, तिला प्रमाणपत्र मिळालं नाही एवढंच वाईट वाटावं?

ते निळं पाणी म्हणजे काय, तर मोरचुदाचं पाणी. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करताना जे मोरचूद वापरतात तेच. इथे ते शुद्ध असतं आणि अगदी मापानं विरघळवलेलं असतं. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब पाण्यापेक्षा जड ठरतो आणि सरळ तळाशी जातो. कमी असेल तर वरच घुटमळतो. हल्ली काही ठिकाणी छोटं यंत्र वापरतात, त्यावर आकडाच दिसतो. रक्त देण्यासाठी तो किमान १२.५ लागतो, बाई असो की पुरुष. वजन किमान ४५ किलो आणि वय १८ ते ६५. पाळी चालू असताना रक्त घेत नाहीत. बाळंतपणानंतर वर्षभर आणि पुढेही बाळ अंगावर पीत असेपर्यंत घेत नाहीत. जत्रेत गोंदवून घेतलं असेल किंवा नवीन कान टोचले असतील तरी वर्षभर थांबायला सांगतात. यात आपला अपमान काही नाही. यातले काही नियम रुग्णासाठी आहेत, पण बरेचसे देणाऱ्याच्याच जिवाची काळजी घेणारे आहेत.

भारतात रक्तदात्यांमध्ये बायकांचं प्रमाण शेकडा दहाच्याही आत आहे. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. ‘अशक्तपणा येईल’, ‘घरचं काम कोण करणार’, ‘पोरीचं लग्न व्हायचंय अजून’. यातली निम्मी भीती निव्वळ ऐकीव असते. पण दुसरं निम्मं खरं आहे, आणि ते सरकारी आकड्यांतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे मधल्या काळात घराघरांत गॅस आला, मोबाइल आला, आणि बाईचं रक्त मात्र खालीच गेलं. आता गंमत बघा (गंमत कसली!). सर्वेक्षणात गरोदर नसलेल्या बाईला रक्तक्षय धरतात तो १२ च्या खाली. शिबिराची अट १२.५ ची. तेव्हा दहा जणी उत्साहानं रांगेत उभ्या राहिल्या, तर पाच-सहा जणी परत फिरणार हे शिबिराची पत्रिका छापतानाच ठरलेलं असतं.

आणि रक्त लागतं कुणाला? अपघातातल्या माणसाला लागतं, ऑपरेशनला लागतं, थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी लागतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात मध्यरात्री ज्या धावपळीनं सगळ्यांचे चेहरे उतरतात ती बहुतेकदा बाळंतिणीसाठी असते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर काही तासांतच सारं हातातून निसटतं. एखादीचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठ असेल, तर दुसरी जो रक्तस्राव सोसून उठते, तेवढ्यातच हिची शुद्ध हरपते. छोट्या गावात रक्तपेढी नसते. ग्रामीण रुग्णालयात फार तर रक्त साठवण केंद्र असतं, नाहीतर नवऱ्यानं किंवा दिरानं थंड पेटी घेऊन जिल्ह्याच्या गावाला पळायचं. ज्यांना रक्त लागतं त्या आपणच, ज्यांचं रक्त घेता येत नाही त्याही आपणच. म्हणून तो तरंगणारा थेंब मला साधा वाटत नाही.

मग करायचं काय? शिबिराच्या आदल्या दिवशी डाळिंब आणि बीट खाऊन थेंब बुडत नाही, हे आधी सांगते. रक्त हळूहळू वाढतं, त्याला महिने लागतात. आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी पुष्कळ काही आहे. पालेभाज्या, राजगिरा, तीळ, कडधान्यं, अळीव, आणि खाणाऱ्यांसाठी मटण-कलेजी. भाजीला लोखंडी कढई वापरा. आजेसासूबाईंच्या काळातली अजून माळ्यावर पडली असेल. पण सगळ्यात मोठा चोर कोण, तर जेवणावरचा चहा! पालेभाजी-भाकरी खाऊन लगेच चहा घेतला की जेवणातलं लोह अंगी लागतच नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, ते कुणी ऐकणारही नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा आणि भाजी-आमटीवर लिंबू पिळा, एवढं पुष्कळ झालं. अळिवाची दुधातली खीर आपण कौतुकानं करतो, पण दुधानंही लोह कमी शोषलं जातं. त्यापेक्षा अळिवाचे नारळातले लाडू बरे, किंवा भिजवलेले अळीव लिंबाच्या सरबतात.

पण हिमोग्लोबिन आठ-नऊवर घसरलं असेल तर गूळ-शेंगदाण्यांवर विसंबू नका. तिथे लोहाच्या गोळ्याच लागतात. त्या उपकेंद्रात मोफत मिळतात, आशाताईंना सांगितलं तर घरी आणून देतात. या गोळ्यांचा आपल्याकडे भलताच दुलौकिक आहे. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून अर्धं पाकीट देवघराच्या फळीवर पडून राहतं. काळं होणं अपेक्षितच आहे, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगून वेळ नाहीतर गोळी बदलून घ्या, आणि चहा किंवा दुधाबरोबर तर मुळीच घेऊ नका. एक पथ्य मात्र पाळायचं : गोळ्यांआधी रक्त तपासून घ्यायचं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, काहींना थॅलेसेमियाचा अंश असतो. तिथे रक्त कमी असण्याचं कारणच वेगळं. पाळीला फार जात असेल, गाठी पडत असतील, तर त्याचाही इलाज आधी हवा. बादलीला भोक असताना नळ किती वेळ सोडणार?

हे सगळं सवडीनं, वर्षभर करायचं काम आहे, आणि आपल्याला तर मदत म्हटली की धावपळ आठवते. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा त्या रात्रीच रक्त द्यायला तरुण मुलांनी दवाखान्यांपुढे रांगा लावल्या. ऊर भरून यावा असंच ते दृश्य होतं. पण रक्त काढलं आणि लगेच चढवलं असं सहसा होत नाही. गट तपासावा लागतो. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया अशा चाचण्या कराव्या लागतात. त्यात तास जातात. म्हणून अपघाताच्या पहिल्या घटकेला उपयोगी पडतं ते आधीच पेढीत तयार असलेलं रक्त. कुणीतरी दहा-पंधरा दिवसांपूर्वी, काहीही घडलेलं नसताना दिलेलं. आणि ते स्वेच्छेनंच दिलेलं असावं लागतं, कारण पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे.

रक्त टिकतंही मोजकंच. नेहमीच्या पिशवीतलं ३५ दिवस, विशेष द्रावण घातलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस. डेंग्यूत ज्यांच्यासाठी धावाधाव होते त्या प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस. तरी आपल्याकडे शिबिरं होतात ती एकगठ्ठा. कुणाचा वाढदिवस, कुणाची जयंती, एकाच आठवड्यात गावात चार मांडव. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं लग्नांत आणि गावाला, तेव्हा पेढ्या कोरड्या. दिवाळीतही तेच. एकदा सोळा भाज्यांचं ताट वाढून पुढे महिनाभर उपाशी ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. घर चालवणाऱ्या बाईला हे व्यवस्थापन पटणार नाही, पण शिबिराची तारीख ठरवताना तिला कुणी विचारतच नाही!

पुराच्या मदतीतही नेमकं हेच होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. सांगली-कोल्हापूरसाठी साऱ्या महाराष्ट्रातून ट्रक निघाले. पुढे जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूरकडची सीना आणि मराठवाड्यातल्या नद्या उलटल्या, तेव्हाही निघाले. लोक देतात, भरभरून देतात, याबद्दल शंकाच नाही. पण काय देतात? विटलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, एका पायाचे बूट. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याच्या कडेला अशा कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. दिल्लीच्या ‘गूंज’ संस्थेचे अंशू गुप्ता वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की घेणाऱ्याचा मान राखून द्या. त्यांच्या संस्थेनं अशाच कपड्यांतलं चांगलं सुती कापड निवडून, धुऊन बायकांसाठी पाळीच्या घड्या करायला सुरुवात केली. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही पाळीची गोष्ट बघा. शंभर बायका शाळेच्या तीन खोल्यांत आठ दिवस राहिल्या तर त्यातल्या वीस-पंचवीस जणींना त्या दिवसांत पाळी येणारच. हे गणित कुठल्याही बाईला तोंडपाठ असतं, पण मदतीची यादी करणाऱ्याच्या डोक्यात ते सहसा येत नाही. बिस्किटांचे दहा खोके येतात, सॅनिटरी पॅडचा एकही नाही. परकर, निकर, ब्लाऊज नाही. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. तुमच्या गावातून मदतीचा टेम्पो निघणार असेल तर आधी तिथल्या आशाताईंना, सरपंचबाईंना फोन लावा आणि विचारा, ‘काय नको?’ हा प्रश्न ‘काय हवं’पेक्षा कामाचा. पाव आणि जुने कपडे नकोत, हे उत्तर हमखास येईल. बादली, मग, झाकणाचा डबा, टॉर्च, मच्छरदाणी, नवे आतले कपडे, साबण, दोरी... अशा गोष्टींची नावं मग निघायला लागतात.

पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू होतं. त्यात बाईमाणसाचा हात लाख मोलाचा असतो. गुडघाभर चिखल, सडलेलं धान्य, फुगलेल्या गाद्या. चिपळूणला चिखल उपसायला बाहेरगावाहून माणसं खराटे-फावडी घेऊन गेली होती, ती मदत ट्रकभर चादरींपेक्षा मोठी होती असं मी म्हणेन. अशा कामाला जाताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पुरानंतर डोकं वर काढतो. बोटी आणि दोर हे काम शिकलेल्यांचं आहे, ते त्यांच्यावरच सोडा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ इथं लोकांना बाहेर काढणारी, खच्चून भरलेली बोट उलटली आणि बायका-लेकरं बुडाली, ते आपल्या राज्यानं पाहिलंय. आपल्याला करण्यासारखं दुसरं खूप आहे. भिजलेली रेशनकार्डं, मुलांचे दाखले, सातबारे एकेक पान सोडवून सावलीत वाळवणं, पंचनाम्याचा अर्ज भरून देणं, म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी करणं. फोटोत न येणारी कामं!

अशा कामाला किती दिवस द्यावे लागतात याचं उत्तर लातूर-धाराशिवकडच्या बायकांनी केव्हाच देऊन ठेवलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, पाचेक मिनिटं कमी चारला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदं अंगावर येऊन हजारो माणसं गेली. पहिल्या महिन्यात देशभरातून मदत लोटली आणि मग नेहमीसारखी आटली. उरलं ते घरं बांधण्याचं कंटाळवाणं, वर्षानुवर्षांचं काम. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं त्या वेळी एक साधी गोष्ट केली. सुमारे १,३०० गावांत मोडकी घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याची सरकारी योजना होती. तिथल्या महिला मंडळांमधून ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या. ज्या बायका ग्रामसभेला जात नव्हत्या त्या गवंड्याला सिमेंटचं प्रमाण विचारू लागल्या, भिंतीत पट्टा घातला का ते बघू लागल्या, हप्ता अडला तर इंजिनियरच्या दारात जाऊ लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण घर पडलेल्या बाईला काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. भूकंपाआधी यातल्या कुणीही स्वतःला समाजसेविका म्हणवून घेतलं नसतं.

आपल्याला कच्छला जायची गरज नाही. आपला बचत गट आहे ना! दर महिन्याच्या बैठकीला हप्ता जमा होतो, कर्जाची चर्चा होते, चहा होतो (जेवणानंतर लगेच नको, आठवतंय ना?). त्यातल्या एका बैठकीला उपकेंद्राच्या नर्सताईंना बोलवा आणि सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. हप्त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा : नाव, रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्त दिल्याची शेवटची तारीख. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. ज्या नऊवर होत्या त्या अकरावर आल्या का? नसतील तर का नाही? गोळ्या खाल्ल्या की फळीवर ठेवल्या? हे एकमेकींना विचारायला आपल्याला संकोच नाही, डॉक्टरांना वेळ नाही. निगेटिव्ह गटाच्या नावाखाली लाल रेघ मारा. गावातली कुणी बाळंतीण अडली तर ही वही शोधत माणसं येतील. ‘ई-रक्तकोष’ या सरकारी संकेतस्थळावर रक्तपेढ्यांमधला साठाही पाहता येतो, ते काम घरातल्या कॉलेजच्या मुलीकडे सोपवा.

आणि ज्यांचा थेंब बुडाला त्यांच्यासाठी. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० मिलिलिटर घेतात. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. लोह भरून यायला मात्र महिने लागतात, म्हणून पुरुषांना ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, तर बायकांना १२० दिवस थांबावं लागतं. घाई करू नका. मधल्या काळात पालेभाजी-लिंबाचं सोडू नका. उपाशीपोटी तर कधीच जाऊ नका. नवरात्रात शिबिरं होतात आणि आपण नेमक्या उपासाला असतो; तेव्हा सरळ नाही म्हणा, उपास सुटल्यावर पेढीत जाऊन द्या. रक्त द्यायला मांडव आणि हार लागत नाहीत, जिल्ह्याच्या पेढीत एरवीही घेतात.

एक हिशेब करून पाहिलाय. २६ जानेवारीला बऱ्याच गावांत शिबिर असतं. त्या दिवशी रक्त दिलंत तर १२० दिवस बरोबर २६ मेला भरतात, पेढ्या अगदी कोरड्या पडलेल्या असतात तेव्हा. (लीप वर्ष असेल तर एक दिवस आधी.) त्यानंतरची तारीख येते २३ सप्टेंबर. दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी या दोन तारखांना आत्ताच गोल करून ठेवा.